प्रॉब्लेम जागेचा आहे

४ नोव्हेंबर, दुपार

…तर प्रॉब्लेम जागेचा आहे, ताई. मागच्या पत्रात मी नुसतं 'फिल्म करतोय' एवढंच लिहिलं आणि तुझं काही उत्तर आलं नाही, म्हणून आता नीट सांगतो. मावशीनं तुझा फोन नंबर द्यायला साफ नकार दिला. म्हणाली, "पत्ता देते. लिही पत्र. वाचायचं की फाडायचं ते तिचं ती बघेल." म्हणून हा कागद. माझं मराठी अक्षर म्हणजे आनंद आहे, सांभाळून घे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं होतात. हॉल घेतलाय, पडदा आहे, प्रोजेक्टर आहे, वर्कशॉपची सगळी माणसं येणार, दोन्हीकडचे नातेवाईक येणार. आणि बाबांनी स्वतः माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "वीस मिनिटांची झकास फिल्म कर. जुन्या टेप काढ सगळ्या." मला, ताई! ज्या माणसाला मी एडिटिंग शिकतो हे 'नाक्यावरच्या टवाळ पोरांचं काम' वाटतं, त्यानं!

मी वेड्यासारखा लागलो कामाला. टेपचा खोका उतरवला, मित्राकडून जुना प्लेअर आणला आणि सगळं लॅपटॉपवर घेतलं. टेप मग भंगारात दिल्या, कारण आईला कपाटात जागा हवी होती. पण एक तासाची टेप म्हणजे तेरा जीबी. लॅपटॉपला धाप लागली. आता तर प्रोजेक्ट उघडलं की लाल पट्टी येते, डिस्क फुल. नवीन हार्ड डिस्क मागितली तर बाबा म्हणाले, "आधी आतला कचरा काढ."

त्यात बरोबरच आहे म्हणा. ह्याची एक पद्धत असते. आधी जुने ड्राफ्ट उडवायचे. मग सॉफ्टवेअर स्वतःच्या सोयीसाठी ज्या तात्पुरत्या फाइल करून ठेवतं त्या उडवायच्या, त्यानंच अर्धं काम होतं. मग उरलेल्या फाइल साइजप्रमाणे लावायच्या, सगळ्यात मोठी वर. वरून एकेक बघायची आणि विचारायचं, ही लागणार का? नाही? बाय बाय. मला हे इतकं आवडतं ना, सांगू शकत नाही. दाढी केल्यासारखं वाटतं.

आणि आपल्या घरात कचरा किती! बाबांच्या कॅमेऱ्याचं ते लाल बटण आठवतं? एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. बाबा पत्रा ठोकल्यासारखं दाबायचे, एकाचं दोनदा व्हायचं, आणि मग सगळं उलटं. त्यांना वाटायचं चालू, तेव्हा बंद. वाटायचं बंद, तेव्हा चालू. त्यामुळे माझ्या एकाही वाढदिवसाचा केक नाहीये. केक कापून झाल्यावरच्या चपला आहेत. बाबांची पँट आहे. छत आहे. पोटभर हसलो मी एकटाच.

बाकी घरी सगळं ठीक. आपण अजून वर्कशॉपच्या वरच राहतो. खाली दिवसभर हातोड्या चालू, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलतात. बाबा आता खूप शांत झालेत हं. खरंच. हात वगैरे आता फारसा नाही, गाड्यांचे डेंट काढून काढून खांदाच गेलाय त्यांचा. स्वयंपाकघराला सध्या दार नाहीये, दुरुस्तीला दिलंय. माझा डावा कान जरा गुंग असतो, आई म्हणते हेडफोन फार लावतोस म्हणून.

आणि एक. तू मला ढकललंस त्याचा मला राग नाही. मी पाच वर्षांचा होतो, मला काही आठवतही नाही, आणि केस वाढवले की खोक दिसत नाही. भावंडांत होतं असं. बाबांच्या भुवईवरचा व्रण मात्र दिसतो. कुणी विचारलं की ते म्हणतात, "लेकीचं प्रेम." सगळे हसतात.

तुझ्याकडे माझे लहानपणीचे फोटो असतील तर पाठव ना.

तुझा बटण
(अजून हेच म्हणतात सगळे. दिसेल ते बटण दाबायचो म्हणून तूच ठेवलेलं ना हे नाव?)


१३ नोव्हेंबर

तुझं कार्ड आलं! तीनच वाक्यं, पण आलं. 'फिल्म कर. मला त्यात घेऊ नकोस. कान डॉक्टरला दाखव, हेडफोन दोन्ही कानांना असतात.'

ताई, तू ना.

बरं. दाखवतो. झालं ते एवढंच, की जिन्यात गाडीची चावी विसरलो होतो आणि बाबांना घाई होती. एकच बसली. मी वाकलो नसतो तर गालावर बसली असती. जाऊ दे ना. मी तुला वेगळंच सांगायला बसलोय.

साइजप्रमाणे फाइल लावल्यावर सगळ्यात वर एक धिप्पाड फाइल निघाली. नऊ जीबी. चाळीस मिनिटांची. छोट्या चौकटीत फरशी दिसत होती, नुसती फरशी. मी म्हटलं, हीच ती! ही उडवली की सगळी फिल्म आरामात मावेल. पण उडवायच्या आधी मधूनच कुठेतरी एकदा ऐकायचं, ही माझी सवय. कधीकधी चित्र भिकार असतं पण आवाज भारी मिळतो.

तर ऐकलं. खरखर होती खूप. आणि त्यात आई, तिचा तो तरुण आवाज, नुसती ओरडतेय, "जागा कर त्याला, जागा कर!" मी हसलो. म्हटलं, ग्रुप फोटो चाललाय, सोफ्यावर दाटी झालीय, आणि माझ्यासाठी जागा करायला सांगतेय. गेले दोन आठवडे मी स्वतः दिवसभर तेच करतोय ना, जागा कर, जागा कर. मला वाटलं, हेच फिल्मचं पहिलं वाक्य करावं. काळा पडदा आणि आईचा आवाज. लोक काय हसतील!

दुपारी जेवताना मी आईला सांगितलं. बाबा खाली होते.

"आई, तू माझ्यासाठी कशी भांडायचीस गं! जागा कर त्याला, जागा कर! सोफ्यावर कोण बसलं होतं एवढं ऐसपैस?"

आईचा हात भांड्यातच राहिला. "कुठे ऐकलंस?"

"टेपवर. पंधरावा वाढदिवस तुमच्या लग्नाचा."

"जागा नाही रे," ती म्हणाली. "जागं. जागं कर म्हणत होते."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे झोपलो होतो मी? फोटोच्या वेळी?"

ती उठली. म्हणाली कपडे वाळत घालायचेत. कपडे सकाळीच घातले होते. मग पाच मिनिटांनी परत आली, ओले हात उगाच पदराला पुसत, आणि म्हणाली, "तुला किती जागा कमी पडतेय?"

"आठ-नऊ जीबी."

"मग ती एक काढून टाक ना. तेवढ्यात भागेल."

ताई, माझ्या आईला जीबी म्हणजे काय ते माहीत नाही. मोबाइल भरला की ती मला म्हणते, "ह्यातली हवा काढ जरा." आणि तिला बरोबर माहीत होतं, कुठली फाइल केवढी आहे.

मी अजून पहिल्यापासून बघितलेली नाही. उद्या आई बाजारात गेली की बघतो.

बटण


१५ नोव्हेंबर

बघितली.

तुला तुझीच गोष्ट सांगतोय, माहितेय मला. पण तू ती खोलीत उभी राहून बघितलीस. मी कॅमेऱ्यातून बघितली. कुणाला तरी सांगायलाच हवं आणि ज्याला सांगता येईल असं दुसरं कुणी नाही.

सुरुवातीला बाबांचा डोळा आहे, पडदाभर. ते म्हणतात, "हं. झालं. बंद." आणि कॅमेरा सुरू होतो. मागे सोफा, आईचे मोकळे केस, तू आरशात बघून क्लिपा काढतेस. मी ट्रायपॉडपाशी आहे, त्याच्या पायाची खिट्टी चाळवतोय. तू म्हणतेस, "बटण, हात नको लावू." मी लावतो. कॅमेरा खचकन खाली सरकतो. पडत नाही. नुसता सरकतो.

"किती वेळा सांगायचं रे तुला?" बाबा म्हणतात. ओरडत नाहीत, साधंच म्हणतात. मला दंडाला धरून उचलतात. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. मला हलवतात, माझा एक बूट पडतो. मग मला सोडत नाहीत. फेकतात.

लोखंडी कपाटावर. आवाज अगदी खालच्यासारखा येतो, पत्र्यावर हातोडी बसल्यासारखा. आणि खालच्या हातोड्या थांबतात. सगळ्या. मी परत परत मागे नेऊन ऐकलं. तोपर्यंत मागे चालूच असतात, ठक ठक ठक, आणि त्या आवाजानंतर एकदम काही नाही. ताई, खाली ऐकू जायचं.

मी कपाटापाशी पडलोय. बाबा माझ्याकडे चालत जातात. पाय मागे घेतात. पोटात घालायला.

तेवढ्यात खोली कलते. तुझा हात दिसतो, ट्रायपॉडच्या दांड्यावर. मग छत, पंखा, आणि मग बाबांचं तोंड मोठं होत जातं. दात. भुवई. आपल्या कॅमेऱ्यानं आयुष्यात एकच क्लोजअप घेतला आणि तो हा. चौदा वर्षांची होतीस तू. एवढा जड दांडा उचललास कसा?

पुढे फरशी. चाळीस मिनिटं फरशी, तीही आडवी. कोपऱ्यात रक्त टपकतंय, ते बाबांचं. माझं दिसत नाही. आई ओरडतेय, "जागं कर त्याला, जागं कर." तू मला हाका मारतेस. मग तुम्ही तिघं बोलता.

तू: "डॉक्टरकडे चला."

बाबा: "डॉक्टर विचारेल. दंडावर बोटं उठलीत त्याच्या."

आई: "पडला म्हणू."

बाबा: "पडून बोटं उठतात का, अक्कल आहे?"

आणि मग तू. "माझं नाव सांगा. आम्ही भांडलो, मी धरून ढकललं म्हणा. तुम्हाला मी मारलं तेही सांगा, ते तर खरंच आहे. माझं डोकं फिरलं म्हणा. पण आता चला, तो डोळे उघडत नाहीये."

आणि आई म्हणते, "हो."

फार पटकन म्हणते गं. दोन वाक्यांच्या मधे आम्ही कापतो ना, तिथे कापायलाही जागा नाही, इतकं पटकन.

मग दार वाजतं. मग कुणीच नाही. आणि बऱ्याच वेळानं खाली एक हातोडी सुरू होते. मग दुसरी. मग सगळ्या.

बघून झाल्यावर मी कपाटापाशी गेलो. त्याच्या दारावर आई दरवर्षी कॅलेंडर लावते. एवढ्या भिंती रिकाम्या असताना तिथेच का, असं मला कधी वाटलंच नाही. उचललं. डेंट आहे. माझ्या डोक्याएवढा, म्हणजे तेव्हाच्या. आपला बाप अख्ख्या शहराच्या गाड्यांचे डेंट काढतो ताई, हात फिरवला तर कळत नाही कुठे होता. हा नाही काढला.

चार तारखेच्या पत्रात मी तुला मोठ्या मनानं माफ केलं होतं. ते पत्र फाडून टाक, प्लीज.

जागेचं म्हणशील तर ती फाइल मी उडवलेली नाही. उलट तिच्यासाठी फिल्मचे माझे चांगले चांगले तुकडे उडवले. एक कॉपी पेंटरकाकांच्या पेन ड्राइव्हवरही ठेवली. वर्कशॉपमधले रंगकामवाले काका, आठवत असतील तुला, तेव्हापासून आहेत. त्यांचा गाण्यांचा पेन ड्राइव्ह आहे, तो खालच्या स्पीकरला लावून ठेवलेला असतो. नवीन गाणी भरून देतो म्हणून मागून घेतला. त्या स्पीकरला व्हिडिओ कळत नाही, ती फाइल आली की तो गप पुढच्या गाण्यावर जातो. दिवसभर बाबांच्या डोक्यावर लटकलेली असते ती.

आईला काही बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. फक्त आज कॅलेंडर सरळ केलं.

बटण


२४ नोव्हेंबर

डाव्या हातानं लिहितोय. थोडक्यात लिहितो.

परवा भर दुपारी वर बसून ती फाइल बघत होतो. आवाज बारीक होता. पण जिना डाव्या बाजूला आहे आणि डावा कान गुंग, त्यामुळे बाबा वर आले ते कळलंच नाही. किती वेळ मागे उभे होते देव जाणे. फरशी आली तेव्हा काचेत त्यांचा चेहरा दिसला.

मला वाटलं आता बसणार. नाही. "फिल्म कुठवर आली बघायला आलो होतो," म्हणाले आणि खाली गेले. मी सुटलो असं वाटून मूर्खासारखा तिथेच बसून राहिलो. ते डेंटची लहान हातोडी घेऊन परत आले. मोठी नाही, लहान. बारीक कामाची.

आधी स्क्रीन. मग कीबोर्ड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही कळ न सोडता. काम करतात तसंच, घाई नाही, शिवी नाही. मग उलटा केला आणि खालून. मी मधे हात घातला. का घातला माहीत नाही. हातानं हातोडी अडते का? उजव्या हाताची मधली दोन बोटं. त्यांनी बघितलं आणि तरी तो घाव अर्ध्यात थांबवला नाही.

मग सगळं टेबलावरून हातानं लोटून दिलं, टेबल मोकळं झालं. म्हणाले, "घे. झाली जागा."

खाली हातोड्या थांबल्या होत्या. मी ऐकत होतो. ह्या वेळी बाबा खाली जाईपर्यंत सुरू झाल्या नाहीत.

डॉक्टरनं विचारलं. बाबा म्हणाले, गाडीच्या दारात सापडली. आई शेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती माझ्या बँडेजकडे बघत राहिली.

संध्याकाळी खाली गेलो तर पेंटरकाका हळूच म्हणाले, "काय रे, काय होतं त्या मशीनमध्ये?"

मी सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की तो पंधरा वर्षांपूर्वीचा दिवस आहे.

ते ब्रश पुसत राहिले. "आमच्या हातोड्या थांबल्या होत्या त्या दिवशी. ते ऐकू येतं त्यात?"

"येतं."

"आणि परत सुरू झाल्या, ते?"

"तेही येतं, काका."

"पहिली माझी होती," ते म्हणाले. "रंगकामवाल्याच्या हातात हातोडी कशाला, सांग. उगाच घेतली आणि ठोकत बसलो. शांतता सहन होईना." मग, "आहे का उरलेलं कुठे?"

"तुमच्या गाण्यांत आहे."

त्यांनी स्पीकरकडे बघितलं. त्यात कुणीतरी प्रेमाचं गात होतं. "हॉलमधली गाणी माझ्याकडे आहेत," म्हणाले. "तुझ्या बाबांनीच सांगितलंय."

ताई, मी त्यांना लावा म्हटलं नाही. नका लावू असंही म्हटलं नाही.

नाही, हे खोटं आहे. मी म्हटलं, "केक कापला की लावा."


८ डिसेंबर

हॉस्पिटलच्या बाकावरून. शेजारच्या पेशंटच्या मुलानं वही दिली. अक्षर आणखी वाईट आहे, उजव्या हाताला अजून बँडेज आहे.

केक कापला. टाळ्या झाल्या. बाबांनी माइक घेऊन सांगितलं, "फिल्म होणार होती, पण आमच्या चिरंजीवांचा कॉम्प्युटर पडला. त्याच्यासारखाच आहे, धड उभा राहत नाही." सगळे हसले. मीही हसलो बघ, सवयीनं. आणि पडदा उजळला. बाबांचा डोळा. "हं. झालं. बंद."

लोकांना वाटलं सरप्राइज आहे. "अरे, केस बघा ह्याचे!" "वहिनी किती बारीक होत्या!" सगळ्यांनी मोबाइल वर केले, शूट करायला. तू दिसलीस तेव्हा मात्र कुजबुज झाली. मग मी खिट्टी ओढली. कॅमेरा सरकला. "बटण तो, बघ बघ, तेव्हापासून उपद्व्यापी," कुणीतरी म्हणालं आणि परत हशा. त्या हशातच बाबांनी मला उचललं.

कपाटाचा आवाज हॉलच्या स्पीकरवर फार मोठा येतो.

कुणी हललं नाही. मी बाबांकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. मला वाटलं ते प्रोजेक्टर बंद करायला निघालेत. लोकांनी वाट करून दिली. ते माझ्यापाशी आले आणि कानशिलात ठेवून दिली. त्याच कानावर. मी खुर्चीवरून आडवा झालो. ताई, त्यांना तेव्हाही वाटलं असेल कॅमेरा बंद आहे. पन्नास मोबाइल त्यांच्याकडे वळलेले, सगळे चालू, आणि ते आपलं नेहमीचं करत होते. त्यांनी घडीची लोखंडी खुर्ची उचलली.

पडद्यावर तोवर फरशी आली होती. आणि हॉलभर आईचा तो आवाज, "जागं कर त्याला, जागं कर!" मी खाली पडून ऐकत होतो. मी जागाच होतो. मला सगळं दिसत होतं. आता ती खुर्ची माझ्यावर येणार होती.

आई मधे आली. धावत नाही, ताई. चालत आली, बर्फी द्यायला येतात तशी, म्हणजे सावकाश, हातातली डिश टेबलावर नीट ठेवून. आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली, बाबांकडे पाठ. खुर्ची तिच्या खांद्यावर बसली. पत्र्यासारखा आवाज नाही आला. ओलं लाकूड मोडल्यासारखा आला. ती माझ्या अंगावर पडली आणि म्हणाली, "डोळे मिटू नकोस."

बाबांनी दुसऱ्यांदा उचलली. पण तेवढ्यात पेंटरकाका आणि वर्कशॉपमधली दोघं त्यांच्या अंगावर पडले. बाबांनी एकाचा ओठ फोडला, काकांच्या पोटात गुडघा घातला. काका धापा टाकत नुसतं एवढंच म्हणत होते, "ह्या वेळी नाही, मालक. ह्या वेळी नाही." आपले मोठे काका लांबून ओरडत होते, "घरातलं घरात मिटवा रे, बंद करा ते!" कुणाला बंद करायचं बटण सापडेना. तुझं वाक्य आलं. "माझं नाव सांगा." सगळ्या हॉलनं ऐकलं. आणि आईचं 'हो'. तेही ऐकलं. आई माझ्या अंगावर पडून ऐकत होती.

एका अर्धवट पुट्टी लावलेल्या गाडीतून आम्हाला इथे आणलं. आईचं खांद्याचं हाड मोडलंय आणि दोन बरगड्या. माझा पडदा गेला, कानाचा. डॉक्टर तरुण होती. तिनं पेन उघडलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "कसं लागलं?"

मी गप्प बसलो. मुद्दामच. मला बघायचं होतं.

आई म्हणाली, "नवऱ्यानं खुर्ची मारली." मग माझ्या बँडेजकडे बोट केलं. "ही बोटंही त्यांनीच. हातोडीनं. आणि ह्याच्या डोक्यावर जुनी खोक आहे, केसांत. तीपण लिहा. मुलीनं नाही ढकललं. लिहिलंत?"

डॉक्टर म्हणाली जुनं इथे लिहीत नाहीत. आई म्हणाली, "लिहा." दोनदा म्हणाली. डॉक्टरनं लिहिलं.

बाबा पोलीस चौकीत आहेत. मोठे काका सोडवायला धावपळ करतायत, म्हणजे सुटतीलही. घरी आम्ही जाणार नाही. पेंटरकाकांची एक खोली आहे आणि त्यात ते पाचजण. मावशी येऊन गेली. मला म्हणाली, "तू चल माझ्याकडे." आईकडे बघितलंही नाही. दारातून परत वळून म्हणाली, "पोरीला मी वाढवलंय. रात्री उठून बसायची आणि विचारायची, तो जागा झाला का. ही एकदाही आली नाही बघायला."

आज सकाळी आई माझ्याशी पहिल्यांदा त्यावर बोलली.

"मी फार पटकन 'हो' म्हणाले ना रे?"

"हो."

"मला वाटलं होतं, जरा थांबले असेन. इतकी वर्षं वाटत होतं, मी थोडा तरी वेळ घेतला असेल." मग म्हणाली, "तिला ऐकू गेलं असेल?"

"ती तिथेच होती, आई."

आणि मग तिनं तुझा पत्ता मागितला. म्हणाली, माफी वगैरे मागायला नाही, त्याला आता काय अर्थ. नुसतं म्हणाली, "तिच्याकडे जाऊन राहिले असते थोडे दिवस. कोपऱ्यात पडून राहीन."

पत्ता माझ्या खिशात आहे. मी दिलेला नाही. ताईला विचारून सांगतो म्हटलं. पंधरा वर्षांपूर्वी तुला न विचारता सगळ्यांनी तुझ्या नावावर जे टाकायचं ते टाकलं, मी आता परत तेच करणार नाही. ती मधे उभी राहिली हे खरं आहे. ती 'हो' म्हणाली हेही खरं आहे, नऊ जीबी खरं. मी दोन्ही बघितलंय आणि मला ह्यातलं काहीच उडवता येत नाहीये.

दहा-बारा दिवसांनी आम्हाला इथून सोडतील. त्याच्या आत दोन ओळी लिही. तुझ्याकडे जागा आहे का? आणि असली तरी तिला द्यावी का, तुला काय वाटतं?